मुक्कामी गाडीचा कंडक्टर

प्रसेनजीतला मी पहिल्यांदा भेटले ती भांडायला. थोरल्या मुलाच्या लग्नपत्रिकेत त्याने आमच्या यजमानांच्या नावापुढचं ‘राव’ गाळलं होतं. आमच्या भावकीत पत्रिकेतला ‘राव’ गाळणं म्हणजे मांडवातून नवरदेव पळवल्यासारखंच. बँकेतून अर्धी रजा टाकून मी शाहूपुरीतल्या त्याच्या दुकानात तावातावाने शिरले आणि दहा माणसांना पुरेल एवढं बोलले. त्याने ऐकून घेतलं, खालच्या कप्प्यातून प्रूफ काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. प्रुफातही ‘राव’ नव्हतं, आणि खाली ‘बरोबर’ म्हणून आमच्याच यजमानांची सही होती.

“मॅडम, चूक तुमच्यातली हाय. पन दुसऱ्या पत्रिका मी काढून देतो. तवर बसा की, च्या सांगतो,” तो म्हणाला. मी बसले. आज सोळा वर्षं झाली, बसतेच आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर आठवड्यातल्या चार-पाच दुपारी त्याच्याच दुकानात जातात.

प्रसेनजीत कांबळे, मूळ गाव नेसरी. अंगाने किडकिडीत, आवाज खालचा, आणि कोल्हापुरात राहून आवाज खालचा असणं हेच मुळात नवल. धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, आणि बॅनरवर शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. दिवसभर हा माणूस लोकांची आडनावं टाइप करायचा. आधी कोणाचं, मोठ्या अक्षरात कोणाचं, मामाकडचे कुठे, यावरून त्याच्या टेबलापाशी रोज एक तरी भांडण व्हायचं. माझं तेवढं त्यांत सगळ्यात मोठं होतं, असं तो अजून चिडवतो.

पण त्याच्या कॉम्प्युटरवर पत्रिकेच्या मागे आणखी एक खिडकी कायम उघडी असायची. ती त्याची वेबसाइट. नाव ‘मुक्कामी गाडी’.

ज्यांचं बालपण शहरात गेलं त्यांच्यासाठी सांगते. डेपोतून संध्याकाळी सुटणारी शेवटची एसटी आडगावात जाऊन थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकतात आणि सकाळी तीच गाडी परत निघते. ती मुक्कामी गाडी. आमच्या चंदगडकडच्या वाड्यांना तेवढी एकच गाडी होती. ती चुकली की घाटातून पायी. गावातून जो कोणी शिकायला, नोकरीला बाहेर पडला तो त्याच गाडीने पडला, आणि एकदा पडला तो पडलाच.

प्रसेनजीतने ही साइट काढली दोन हजार सातच्या सुमारास. नेटवर सरळ मराठी टाइप करणं तेव्हा नुकतं सोपं झालं होतं आणि हा तर अक्षरांतलाच माणूस. नाव नोंदवताना दोनच प्रश्न यायचे. पहिला, पावणं कुठलं? दुसरा, तुमच्या गावात मुक्कामी गाडी कुठली यायची? ती गाडी हेच तुमचं नाव. मी ‘चंदगड–हेरे मुक्काम’. खरं तर आमची वाडी हेऱ्याच्याही पलीकडे, पण गाडी तिथपर्यंतच. सभासदांना म्हणायचं प्रवासी आणि प्रसेनजीतला कंडक्टर. आडनाव लिहायचं नाही, विचारायचं नाही, हा एकच नियम. कोणी लिहिलंच तर कंडक्टर गुपचूप पुसून टाकायचा.

आपल्याकडे ‘पावणं कुठलं’ ही नुसती सुरुवात असते. मग आडनाव, मग भावकी, मग मामाचं गाव. समोरचा माणूस जगात नेमका कुठल्या खुंटीला टांगायचा हे कळेपर्यंत आम्हाला चहा गोड लागत नाही. प्रसेनजीतने ते दोर दुसऱ्या प्रश्नालाच कापले होते. मला वाटायचं, दिवसभर आडनावं टाइप करून पोरगं कंटाळलं असेल. अशी मी हुशार.

आणि ती गाडी काय भरली म्हणता! मस्कत, पुणे, न्यू जर्सी, कुठकुठले लोक येऊन लिहायला लागले. घाटात गाडी चिखलात रुतली की नव्या नवरीपासून मास्तरापर्यंत सगळे कसे ढकलायचे. काजूची बोंडं खाऊन कपड्यांवर पडलेले डाग आणि त्यावरून खाल्लेला मार. एका कंडक्टरने पुरात अडकलेल्या बाळंतिणीला गाडीतच ठेवून घेतलं आणि ड्रायव्हरने बाहेर पावसात कशी रात्र काढली. भांडणंही व्हायची, पण ती कोणाच्या घाटात वळणं जास्त यावरून. बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायच्या आधी मुक्कामी गाडी उघडायचे.

मग एक दिवस एका प्रवाशाने आपल्या वाडीचं नाव टाकून विचारलं की, ही वाडी कोणी बघितली आहे का? माझी सहाव्या वर्षी सुटली. प्रसेनजीतने सहज आईला विचारलं. आई म्हणजे तानूबाई, पण घरीदारी सगळे तिला आक्काच म्हणतात. तरुणपणी ती नेसरीकडून बायकांच्या टोळीबरोबर रोपलावणीला चंदगडभर फिरलेली. पावसात भाताची रोपं लावत या शिवारातून त्या शिवारात, आणि सुगीला पुन्हा कापणीला. एकही वाडी तिच्या पायांनी सोडली नव्हती. ती सांगत गेली, हा तसंच्या तसं टाइप करत गेला. दुसऱ्या दिवशी त्या प्रवाशाने उत्तर लिहिलं: मी ऑफिसात बसून रडतोय.

‘आक्काला विचारा’ हे पान तिथून सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर गाडी चालली ती त्या पानावर. लोक वाडीतली जागा सांगून आपली घरं विचारायचे आणि आक्का सांगायची. दारात फणस होता, त्याला खालीच फळ धरायचं. गोठ्यातली बैलजोडी बांडी होती, त्यातला उजवा मारका. पडवीत भाताचे कणगे. अंगणाला पावसाळ्याआधी कुडाचा आडोसा करायचात.

मीही विचारलं. आमचं घर कधीच पडलं, जागा भावकीने घेतली, फोटो एकही नाही. आक्काने सांगितलं, “तुमच्या दारात काळ्या दगडाची डोन हुती. जनावरांस्नी पानी पाजायची. तिची एक कड फुटलेली, आनि फुटल्याली जागा घासून घासून गुळगुळीत झालती.” डोण! मी विसरलेच होते. पण वाचलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली. पुढच्याच सुट्टीत मी वाडीवर गेले, रानात लोळत पडलेली ती डोण शोधून काढली, टेम्पोत घालून कोल्हापुरात आणली आणि फाटकापाशी ठेवून तिच्यात कमळं लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी आक्काची गोष्ट सांगायचे. बाईची स्मरणशक्ती बघा, म्हणायचे. फुटकी कडसुद्धा लक्षात आहे.

दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर प्रवाशांचा मेळावा ठरला. पुढाकार घेतला उदयसिंहने. हा पुण्यातला मोठा इंजिनिअर, मूळचा चंदगडकडच्याच एका वाडीचा, अंगाने दांडगा, मनाने उत्साही. त्याने जोतिबाच्या पायथ्याशी हॉटेल ठरवलं, सगळ्यांची पूर्ण नावं मागवून घेतली आणि दारातच एका टेबलावर छातीला लावायचे बिल्ले मांडून ठेवले. ओळख व्हावी हा सरळ हेतू. बिल्ल्यावर नाव, आडनाव, गाव. नियम त्याला आठवलाच नसेल, आणि प्रत्यक्ष भेटीत कसला नियम, असंही वाटलं असेल. प्रसेनजीतने बिल्ला उचलला, जरा वेळ हातात धरला आणि लावला. न लावून काय करतो?

मी शेजारीच उभी होते. लोक “कंडक्टर, कंडक्टर!” करत धावत यायचे, नजर छातीवर जायची, मग तोंडावर यायची. हात मात्र सगळ्यांनी मिळवला. जरा जास्तच वेळ मिळवला.

आक्का खुर्चीत बसली होती, भोवती ही गर्दी. पाया पडले, साड्या दिल्या, फोटो झाले. उदयसिंह तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याला वाडीतलं जुनं घर पूर्वी होतं तसंच्या तसं परत बांधायचं होतं. बाहेरचं सगळं आक्काच्या सांगण्यातून मिळालं होतं, आत तेवढं अडलं होतं.

“आक्का, आमची चूल कुठल्या भिंतीला होती? आणि देवघर? एवढं सांगा, म्हणजे आर्किटेक्टला सांगतो.”

आक्का म्हणाली, “ते मला काय ठावं, बाळा? मी कुटं आत गेलती? आमास्नी उंबऱ्याच्या आत कोन घेत हुतं? आमी आपल्या भायरच्या भायर.”

रागाने नाही म्हणाली. बसच्या वेळा सांगाव्यात तसं म्हणाली.  इकडे माझं डोकं चालायला लागलं. फणस, बैल, कणगे, कूड, डोण. एवढ्या वर्षांत आक्काने शेकडो घरं सांगितली आणि एकाही घरात माजघर नव्हतं, चूल नव्हती, देव्हारा नव्हता. आम्ही सगळी शिकलेली माणसं, रोज वाचत होतो, रडत होतो, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग कोणीतरी म्हणालं, “चला, पंगत बसूया.” आक्काला मधोमध बसवलं. उदयसिंहने स्वतः वाढलं, आग्रह करकरून बासुंदी वाढली. कोणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला भांडण जमतं. जेवणं झाल्यावर मंडळी चांगभलं करत डोंगरावर गुलाल उधळायला गेली. प्रसेनजीत आणि आक्का मिळेल त्या गाडीने शहरात परतली.

त्याच संध्याकाळी उदयसिंहने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, ‘मुक्कामी गाडी परिवार’. फक्त मेळाव्याच्या फोटोंसाठी, असं म्हणाला. प्रसेनजीतलाही त्यात घेतलं. फोटो चार दिवसांत संपले. मग सुप्रभात सुरू झालं, मग कोणाच्या नातीचं बक्षीस, मग ‘आपल्यातलं स्थळ असेल तर कळवा’. आता नंबरापुढे नावं होती, नावापुढे आडनावं होती. हळूहळू ‘आपल्यातले’ आपापले वेगळे ग्रुप काढून बसले. एकदा कोणीतरी जुन्या गावाचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘किती एकोपा होता तेव्हा!’ त्यावर हात जोडल्याची चित्रं धो धो आली. प्रसेनजीत त्या दिवशी ग्रुपमधून बाहेर पडला. तो गेला हे कळायलाही लोकांना महिना लागला असेल.

सगळं खापर त्या एका दुपारवर फोडणं बरोबर नाही, हे मलाही कळतं. फोन आले, तशा त्या काळच्या असल्या सगळ्याच साइट ओस पडल्या. बसल्या जागी अंगठ्याने वाचायला मिळत असेल तर कॉम्प्युटर कोण उघडणार? पण एक गोष्ट सांगते, पटते का बघा. मेळाव्यानंतर आमच्या साइटवर लोक आणखी दोन वर्षं तरी येत होते. घाटावर भांडत होते, पावसावर लिहीत होते. ‘आक्काला विचारा’ या पानावर मात्र त्या दिवसानंतर एकही प्रश्न आला नाही. त्यांना आक्काचा राग नव्हता. ती आता पुढे काय सांगेल याची भीती होती. अंगणापर्यंतचं गाव हवं होतं सगळ्यांना. गरज सरो, वैद्य मरो.

आक्काला यातलं काही सांगितलं नव्हतं. घरी सून नोकरीला जाते, म्हणून प्रसेनजीत तिला दुकानातच आणून बसवतो. दृष्टी गेल्यात जमा. संध्याकाळ झाली की ती विचारायची, “आज कोन आलंतं?” पहिल्यांदा तो खरं बोलला, कोणी नाही म्हणाला. ती म्हणाली, “पावसापान्याचं कोन येतंय.” दुसऱ्यांदा म्हणाली, “सुगीचं दिस हायत.” तिसऱ्यांदा ती नुसती पदर तोंडाला लावून बसून राहिली. ते त्याला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुबईचा एक नवा प्रवासी आला. मग बेळगावची एक मास्तरीण आली. ही सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. नावं प्रसेनजीतच नोंदवायचा, प्रश्न तोच टाकायचा, तोच वाचून दाखवायचा आणि आक्का सांगेल ते उत्तर खाली टाइप करायचा. नुसतं तोंडी खोटं त्याला जमत नव्हतं. खोटं बोलायचं तर निदान साइटवर लिहून बोलायचं, हा त्याचा हिशोब. प्रश्न अगदी जुन्या लोकांसारखेच, झाडं कुठली, बैल कसले. मी त्याला चिडवायचे, “तुझा दुबईवाला आठवड्यातून दोनदा येतो रे, कामधंदा काही करतो का नाही?” तो हसायचा, पण ते हसणं बघून मलाच चिडवल्याचं वाईट वाटायचं.

साइटही जुनाट होत गेली. रात्रीतून कुठल्या कुठल्या देशांच्या जाहिराती येऊन पडायच्या आणि सकाळी दुकान झाडल्यावर हा बसून त्या पुसायचा. मी म्हटलं, बंद कर आता, कोणासाठी चालवतोस? तो म्हणाला, “मॅडम, आक्का हाय तवर गाडी बंद न्हाय. तिला कळलं की कोनच येत न्हाय, तर ती कशावर बसंल?” त्या एका गोष्टीला तो जपत होता. बाकी सगळं गेलं तरी चालेल, आक्काला हे कळता कामा नये.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारची वेळ. मागच्या खोलीत कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर मशीनमधून सरकत होता. आक्का खुर्चीत, मी शेजारी, प्रसेनजीत कॉम्प्युटरपुढे.

“आक्का, नवा मानूस आलाय बघ,” तो म्हणाला आणि वाचायला लागला. “‘आक्का, तुम्ही दिवसभर आमच्या रानात रोप लावायचा. दुपारी तुम्हाला जेवायला कुठं बसवायचे? प्यायला पाणी कोण द्यायचं, कसं द्यायचं?’”

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. असला प्रश्न त्याने आजवर कधी घातला नव्हता. तो पडद्याकडेच बघत होता, कान लाल झाले होते. पन्नाशीला आलेला माणूस, आईला हे समोरासमोर कधी विचारू शकला नसावा.

 आक्का हसली.

“हे तूच इचारलंस.”

“न्हाय गं, हे बघ की, नाव हाय, गाव हाय...”

“गप. तेनी झाडं इचारत्यात, बैलं इचारत्यात. असलं कोन इचारत न्हाय. इतक्या वर्सांत एकानं इचारलं न्हाय.” तिने तोंड त्याच्याकडे वळवलं. “त्यो दुबईचा बी तूच न्हवं?”

प्रसेनजीतने मान खाली घातली. “व्हय.”

“बेळगावची बाई?”

“व्हय, आक्का.”

“मला वाटलंच. लई दिस झालं वाटतंय,” ती म्हणाली. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर उगाच फिरत होता. मग माझ्या बाजूला तोंड करून, पण त्याच्याशीच बोलली, “अरं, बाकीचं जाऊ दे. ह्या बाई एवढी वर्सं येत्यात, हितं बसत्यात, च्या पित्यात. ह्यांनी तरी कदी इचारलं व्हय?”

माझ्या अंगात एकदम राग भरला. सवयच ती. पण काढायचा कोणावर? उदयसिंहवर काढून झाला होता, ग्रुपवर काढून झाला होता, सगळ्यांची उणीदुणी काढण्यात मी दहा वर्षं घालवली होती. आता समोर कोणीच उरलं नव्हतं.  शेवटी मी विचारलं.

“आक्का, आमच्याकडे कुठं बसायचात तुम्ही?”

“तुमच्यात? त्या डोनीपाशी की. जनावरं रानात गेली की तितं सावली असायची. त्या फुटक्या कडंला पाठ टेकून बसायचो समद्या, पाळी पाळीनं.” तिने दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडापाशी नेली. “तुमची मानसं चांगली हुती, बाई. वरनं पानी वतताना हात आखडत न्हवती.”

मागच्या खोलीत मशीन थांबलं. प्रसेनजीतची बोटं कीबोर्डवर तशीच होती.

“लिव की रं,” आक्का म्हणाली. “थांबलास का?”